फुटक्या ढालीचा खरा मालक

मी, न्गुंजिरी किबुथू, वय अंदाजे शहात्तर, धंदा लाकूडकोरणी, राहणार गाथुकी, जिल्हा मुरांगा, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते आज सांगून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. लिहिणारे शाळेचे किहारा मास्तर. त्यांनी माझे बोलणे सुधारू नये अशी ताकीद दिली आहे.

१. घर, कॉफीची झाडे व दोन्ही शेळ्या पत्नी वाइरुरी हिच्या. तिच्या हयातीत मुलांनी कुंपणाचा खुंटही हलवू नये.

२. वाकस, पटाश्या व धारेचा दगड मुलगी न्यागुथी हिला. बाईने लाकूड कोरू नये म्हणणाऱ्यांनी आपल्या घरातल्या माझ्या स्टुलांचे पाय पाहावेत. सहा वर्षे ते तीच करते आहे आणि कौतुक मी घेतो आहे.

३. आता खुंटीवरची ढाल. थोरले चिरंजीव झकारिया चर्चमध्ये मोठे झाले आहेत. ते म्हणतात, "बाबा, सैतानाची वस्तू आहे ती, जाळून टाका." धाकटे मुरागे नैरोबीत जुन्या वस्तू विकतात. ते म्हणतात, "जाळण्यापेक्षा मला द्या ना. गोरे लोक भिंतीला लावतात." दोघांनाही मिळणार नाही, कारण ती माझी नाही.

आमच्या दीक्षेच्या वर्षी, म्हणजे पोरांना पुरुषांत घेतात त्या वर्षी, प्रत्येक पोराला नाचासाठी डाव्या दंडात अडकवायची लाकडी ढाल लागे. ती घरातल्या मोठ्याकडून येई. जुना रंग खरवडून त्या वर्षी ठरलेली नक्षी काढायची. अख्ख्या गावाची एकच. आमच्या घरी ढाल नव्हती, म्हणून मी स्वतः कोरली. घाई केली, लाकूड ओले होते, उन्हात तिला वरपासून खालपर्यंत चीर गेली. चिरीत माती भरून वरून रंग दिला. रंग वाळायला सगळ्या ढाली कुंपणाला टेकवल्या होत्या. मी माझी, आमच्यातल्याच गाथोगो मुरेथीच्या ढालीच्या जागी ठेवली आणि त्याची उचलली.

त्याने दंडात घालताच ओळखले. "ही माझी नाही. माझी ढिली आहे, काकाच्या दंडाची."

मी म्हणालो, "दुसऱ्याचीच बरी दिसते रे सगळ्यांना." पोरे हसली.

पहिल्याच उडीला त्याच्या दंडावरच्या ढालीचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून तो 'फुटका गाथोगो'. त्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाने विचारले, "ढाल धरता आली नाही, घर काय धरणार?" आणि माझ्या हातातली ढाल पाहून म्हातारे म्हणाले, पोराच्या हातात कला आहे. लगेच दोन कामे मिळाली. मग झक मारत शिकावे लागले. माझा अठ्ठावन्न वर्षांचा धंदा असा त्याच्या काकाच्या कोरणीवर उभा आहे. मला याची लाज वाटते, रोज वाटली.

गाथोगोने पुन्हा विषय काढला नाही. फक्त माझ्या घरी कधी घोटभर दारू प्याला नाही.

सबब ढाल त्याला परत. यापुढे कोणी त्याला फुटका म्हणाल्यास, फुटली ती न्गुंजिरीची, असे सांगावे.

हे सारे मी मेल्यावर वाचायचे ठरले होते. न्यागुथी म्हणाली, "मेल्यावर कबूल करणं सोपंच आहे, बाबा." म्हणून गाथोगोला साक्षीला बोलावले आणि त्याच्यासमोर वाचायला लावले.

मास्तर अडले. "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

मी म्हणालो, "मिळत काही नाही त्याला. त्याचंच आहे."

हेही लिहा, मास्तर. गाथोगो उठला. त्याने ढाल खुंटीवरून काढली, बाही सारून वाळका दंड आत घातला आणि हलवून पाहिला.

"अजून ढिलीच आहे," तो म्हणाला. "अंगठा कुठं करू?"

ठिकाण गाथुकी, १४ ऑगस्ट १९६७

न्गुंजिरी किबुथू (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार: १. गाथोगो मुरेथी (अंगठा, उजव्या हाताचा, डाव्यात ढाल असल्यामुळे)
२. किहारा, शिक्षक (सही)