नऊ नंबरचा श्वास

ता. १४, सोमवार

ती. वहिनींस नमस्कार.

नऊ नंबरच्या वाफ्यातली माती बाकीच्या वाफ्यांच्या चौपट श्वास टाकते आहे. यंत्र बिघडलेलं नाही, हे आज दुपारी मेकॅनिकने तपासून सांगितलं. "यंत्र ठणठणीत आहे, तुमची जमीनच आजारी दिसते," म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

तुम्ही बऱ्या असाल. छोटीचा हलणारा दात पडला का? माझा ताप उतरला.

वाळवंटातल्या झुडपांना पाणी घालायला एवढी माणसं कशाला, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. आम्ही काही वाफ्यांवर फवाऱ्याने ज्यादा पाऊस पाडतो, काही कोरडे ठेवतो. मग मातीवर झाकण ठेवून तिच्यातून किती वायू निघतो ते मोजतो. कोरडी माती निपचित असते. पाणी मिळालं की आतले जंतू जागे होतात, जे काही मेलेलं असेल ते खाऊ लागतात आणि माती श्वास टाकते. जितकं खाणं, तितका श्वास. हे मला दादानेच शिकवलं.

नऊ नंबर ज्यादा पावसाचा. पण वर्षभर मी त्याचा कॉक बंद ठेवला आणि वहीत पाणी दिल्याचं लिहीत गेलो. मी तापाने पडलो तेव्हा मेकॅनिकने तो 'अडकलेला' कॉक सोडवून दिला.

आमच्या प्रमुख बाई विचारत होत्या, "खाली आहे तरी काय?"

"मुळं असतील."

"मुळं? एका झुडपाची की अख्ख्या जंगलाची?"

वहिनी, दादा टँकरच्या मागे बसून गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी तसं पाहिलेलं नाही. टँकरवाला म्हणाला, "धुळीत मागे कोण चढलं, मला काय ठाऊक?" आणि माझं खोटं खपून गेलं. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी वादळात कॉक बंद करायची पाळी माझी होती. "तू बस भित्र्या, मी जातो," म्हणून तो गेला. नऊ नंबरला तेव्हा पाइपसाठी पुरुषभर खोल चर खणलेला होता. सकाळी तो वाळूने भरून सपाट झालेला. मी त्यावर उभा राहिलो. हाकसुद्धा मारली नाही. तो टाकून गेला म्हणून तुम्ही फोनवर रडायचात, मी हं हं करायचो.

सगळ्या वाफ्यांचं पाणी तोडून चार दिवस झाले. बाकीचे वाफे दुसऱ्याच दिवशी निपचित पडले. नऊ नंबर थांबत नाही. काल झाकण उचललं तर आतून वाफ धरलेली, आरशावर तोंडाची धरते तशी. पुसून परत ठेवलं. पुन्हा धरली.

बाईंना आज सगळं सांगतो आहे. उद्या सकाळी सातला खणायला सुरुवात होईल, पहिलं फावडं माझं. हे पत्र पोचण्याआधी बाईंचा फोन येईल. नंतर मी त्याला घेऊन घरी येईन. दार त्याच्यासाठी उघडा. मी बाहेर थांबेन.

त्याचा धाकटा