टीव्हीवरचा अस्सल कोळी

ती. बोर्गहिल्डताईस,

धाकट्या एइलिफचा आडवा पडूनच नमस्कार. (उभं राहिलं की अजून घर हलतं.) ओस्लोच्या जिन्यांनी तुझ्या गुडघ्यांचं काय केलं ते कळव. इथे मासा भरपूर आहे, ऊन नाही, म्हणजे सगळं ठीक.

रविवारी टीव्हीवर आपलं गाव दाखवलं. तू पाहिलं नसशील, अशी आशा आहे. झालं असं, की गेल्या मंगळवारी बाबांचा जुना मेणकापडी कोट चढवून मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसायला निघालो होतो. धक्क्यावर दक्षिणेकडची टीव्हीवाली मंडळी एक अस्सल कोळी शोधत होती. अस्सल कोळी सगळे समुद्रावर. किनाऱ्यावर दाढीवाला मी एकटा. आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी झाली, एवढंच मी म्हणालो. (पाचव्या पिढीचं त्यांनी विचारलं नाही.) मग जीभ सुटली. वादळं, तुटलेले दोर, बर्फानं गोठलेलं सुकाणू, सगळं बाबांचंच; मी फक्त त्यात 'मी' घातला.

आता बोटीवर दाखवा, म्हणाले. राग्नामावशी (वय एकोणसत्तर, नवरा गेल्यापासून एकटी बोट चालवते) तेवढ्यात माल उतरवून परत निघाली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला बोटीत यायची खूण केली.

बंदराची भिंत ओलांडायच्या आत माझी न्याहारी समुद्रात गेली. (ग्रंथपालाला बोट लागते, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.) कॅमेरा मावशीकडे वळला. तिनं जाळं ओढलं, बोट सांभाळली आणि अधूनमधून मला कॉलरला धरून आत ओढलं. मी कॉड माशांच्या ढिगात पडलो होतो, आणि त्यांच्यापेक्षा माझाच चेहरा जास्त उतरला होता.

कार्यक्रम सगळ्या गावानं सभागृहात बसून पाहिला. कुणी हसलं नाही, हेच फार लागलं. ग्रंथालयाच्या किल्ल्या देऊन टाकाव्यात आणि तुझ्याकडे निघून यावं, असं ठरवून उठलो, तर दारात मावशी. मी म्हणालो, आता इथला म्हणवून घ्यायची लाज वाटते.

"थापा मारल्यास त्या बाहेरच्यांना," ती म्हणाली. "आणि तू बाहेरचा असतास, तर मी बोट तिथूनच परत धक्क्याकडे वळवली नसती का? आपला, म्हणून पुढे नेली."

त्यावर मागे सगळं सभागृह हसत सुटलं. ताई, किती बरं वाटलं म्हणून सांगू.

असो. समुद्राचा नाद कायमचा सोडला. ग्रंथालय बरं, ते हलत नाही.

तुझा,
एइलिफ

ता. क. बोट लागू नये म्हणून गोळ्या मिळतात, त्यांचे दोन डबे ताबडतोब पाठव. मावशीचा खांदा दुखतोय. जाळं ओढायला येतोस का, म्हणून तिनं विचारलं, आणि मी हो म्हणून बसलो. सोमवारी निघायचंय.

आणखी एक. पार्सलवर 'पुस्तके' असं लिही. इथलं पोस्ट मावशीची नणंद सांभाळते.