दोन डोळ्यांची चवळी

मंगळवार, दिवेलागण

लकव्याचा झटका आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर राहत न्हाई. सून सुनीता रोज चवळी आन् हरभरे मिसळलेलं ताट पुढं ठेवती. "आत्या, वरवंडच्या बाजारातनं असंच आलंय. निवडून द्या." मला वाटलं, चला, फुकटचं गिळत न्हाई मी.

आज एका चवळीला दोन डोळे दिसले. आँ? ही तर कालबी होती. परवाबी! दाराआडून पाहिलं, तर सुनीता माझं निवडलेलं परत एकात ओततीय.

"हे काय गं, भवाने?"

"पुण्याच्या डाक्टरीणबाईंनी सांगितलंय, आत्या. लक्षाचा व्यायाम हाय."

कंपनीतनं आलेला माझा पोरगा खाली बघून हसला. म्हंजी त्यालाबी ठावं होतं. सुनीतानं फोन लावून दिला, तर ती डाक्टरीण हरखलीच. "आजी, तुम्ही ओळखलंत! गुण येतोय."

गुण गेला चुलीत. शेंबड्या पोरागत खेळवलं ना मला? घरच्यांनीच?

दोन डोळ्यांची चवळी पदराला बांधून ठेवलीय. उद्या ताट आलं की म्हणणार, आधी कालचं शिजवून वाढ, मग दुसरं निवडीन.