कैरोत ओढलेला हँडब्रेक

कैरो, ४ मे १९८६

बाबा, तुम्हाला आणि आईला जयभीम. मी खुशाल हाय, जेवणाचे हाल न्हाईत.

काल मात्र लई हादरलो. इथं जागाच नसते, म्हणून कडेला उभ्या गाडीला बाहेरून खेटून दुसरी गाडी लावतात. पण तिचा हँडब्रेक सोडून ठेवतात. आतल्या गाडीचा मालक ती ढकलतो आन् आपली गाडी काढतो. मला हे ठाऊक नव्हतं. मी ज्यांचा ड्रायव्हर हाय त्या साहेबांची गाडी मी ब्रेक ओढून, कुलूप घालून लावली आणि बाजारात गेलो.

परत आलो तर ही गर्दी! माझ्या गाडीनं अडलेल्या मोटारीत एका बाईला बाळंतपणाच्या कळा येत होत्या. तिचा नवरा माझ्याकडं बघून ओरडला, "ब्रेक! ब्रेक!" मी किल्ली घेऊन पोचेपर्यंत दहा जणांनी गाडी उचलून बाजूला ठेवली.

आज दवाखान्याचा पत्ता काढून विचारायला गेलो. मुलगी झाली, दोघी बऱ्या हायेत. नवऱ्यानं शिवी दिली न्हाई, चहा पाजला.

बाबा, आपला जिल्हा नवा झाला तरी पाण्याची टंचाई तीच, तुम्ही दिवसभर टँकर चालवतच असता ना? पंचशीलाताईचे दिवस भरत आले. जळकोटहून उदगीरच्या दवाखान्यात तिला कोण नेणार? आजच कुणाची तरी जीप सांगून ठेवा.

तुमचा,
धम्मपाल