खिडकीतलं गिऱ्हाईक

१४ ऑक्टोबर, दुपारचे तीन

ती. वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार.

मी बरा आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चाललोय. चार पानी पत्रात तुम्ही भिंतीच्या रंगाचं लिहिलंत, गळती थांबल्याचं लिहिलंत, पोरीचा पुढचा दात पडला तेही लिहिलंत, पण माणसं कशी आहेत ते कुठेच नाही. फोनवर मी नुसता हूं हूं करतो म्हणून पत्र घातलंत, बरं केलंत. कागदावर हूं लिहून भागत नाही.

खाणावळ पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी पुन्हा उघडतेय, वाचून छान वाटलं. तुम्ही विचारलंय की खुर्च्या घ्याव्यात की बाकं, टेबलं केवढी, दिवे कसले. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती तरी कडेला आडवं लिहिलंय, ‘भावोजी, त्या दिवशी तुम्ही येणार ना?’ ते मी वाचलं. आधी सामानाचं सांगतो.

दादा म्हणेल, ह्याने एकदा आपली खाणावळ सजवली तेवढी पुरे. त्याला म्हणावं, तीन वर्षं दुसऱ्याच्या सामानावर शिकलोय, ऐकायला काय जातं.

गेल्या महिन्यात आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी नव्या खुर्च्या घेतल्या. बाई साठीच्या आहेत, आवाज असा की आचारीसुद्धा पातेल्याआड होतो. मला म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर, तुला बसवून बघायचंय.” दुकानात गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक ताटली आणि चमचा काढला आणि माझ्या हातात दिला.

“बस. जेव.”

“काय जेवू?”

“असेल ते.”

दुकानदार बघतोय, त्याची दोन गिऱ्हाइकं बघतायत आणि मी रिकाम्या ताटलीत चमचा फिरवतोय! एकेका खुर्चीवर पंधरा मिनिटं. दुकानदार कंटाळून म्हणाला, “बाई, ही मखमलीची बघा ना, कशी डोळ्यांत भरते.” बाई म्हणाल्या, “भरू दे. डोळ्यांनी बसता येतं का?” शेवटी नववी खुर्ची ठरली. साधी लाकडी, पाठ जराशी मागे कललेली, बसायच्या फळीची पुढची कड गोल केलेली, म्हणजे मांडीखाली रुतत नाही. हात नसलेली, कारण जाड माणूस हातवाल्या खुर्चीतून उठताना खुर्ची घेऊनच उठतो. तेव्हा तुम्हीही ताटली घेऊन जा आणि दादाला बसवा. तीन वर्षांत सुटला असेल तो.

दिवे पिवळे घ्या, आणि टेबलाच्या वर जरा खाली सोडा. पांढरी नळी लावली की जेवणारा आजारी दिसतो आणि जेवण कालचं. टेबल डुगडुगत असेल तर कागदाची घडी घालू नका, बुचाची चकती कापून पायाला चिकटवा. कागद रोज घालावा लागतो आणि गिऱ्हाईक रोज बघतं.

एक चूक माझी सांगतो, ती तुम्ही करू नका. खुर्च्या सरकवताना फरशीवर किर्र व्हायचं, मला ते सोसायचं नाही. मी एक जुनं घोंगडं कापलं आणि अठ्ठेचाळीस खुर्च्यांच्या सगळ्या पायांना तुकडे डकवले. दोन दिवस गुडघे धरून बसलो. बाईंनी पाठ थोपटली. पण तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये असं झालं की कोणी बोलेचना. एकाने चमचा ठेवला तर चार टेबलांवर ऐकू जायचं. नवरा-बायको आले, इकडेतिकडे बघत कुजबुजले आणि पाणी पिऊन निघून गेले. आचारी म्हणाला, “इथे जेवायला येतात का पेपर सोडवायला?” मग निम्म्या खुर्च्यांचे तुकडे परत खरवडून काढले. थोडा आवाज लागतो वहिनी. दुसऱ्याचा आवाज असला की माणूस आपलं बोलतो.

आणि खिडकीतलं टेबल कधीच रिकामं ठेवू नका. पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला तिथेच बसवा, नको म्हणालं तरी. रस्त्यावरच्याला आत कोणीतरी जेवताना दिसलं पाहिजे. रिकाम्या हॉटेलात शिरायला माणूस घाबरतो. आमच्याकडे मीसुद्धा कधीकधी खिडकीत बसून जेवतो, बाई स्वतः वाढायला सांगतात.

बाईंची हाक आली. उरलेलं उद्या.

१५ ऑक्टोबर, तीच वेळ

काल शेवटी जे लिहिलं ते वाचून तुम्हाला वाटेल, वा, भावोजींचा थाट आहे. दादाला वाचूनही दाखवाल. म्हणून ते आधी सरळ करतो.

कधीकधी नाही, रोज. आणि थाट नाही, ते माझं काम आहे. संध्याकाळी साडेसहाला दार उघडतं आणि सातपर्यंत कोणी आलं नाही तर बाई मला एप्रन काढायला लावतात. खुंटीवर एक निळा शर्ट ठेवलाय, तो घालायचा, बाजूच्या दाराने बाहेर जायचं, पुढच्या दाराने आत यायचं आणि खिडकीत बसून जेवायचं. सावकाश. घड्याळाकडे बघायचं नाही. समोरची खुर्ची जराशी ओढून ठेवायची, म्हणजे कोणी येणार आहे असं वाटतं. बाई गल्ल्यावरून खुणा करतात. एकदा जवळ येऊन म्हणाल्या, “घरात कोणी गेल्यासारखा काय जेवतोस? जरा चवीने जेव.” दोन-तीन टेबलं भरली की मी उठतो, पुढच्या दाराने बाहेर पडतो, बाजूच्या दाराने आत येतो, एप्रन बांधतो आणि त्याच लोकांना पाणी देतो. कोणी ओळखत नाही. शर्ट बदलला की माणूस बदलतो, हे मी इथेच बघितलं.

पहिल्यांदा मजा वाटली. फुकट गरम जेवण, वर खिडकी. नंतर नंतर त्या ओढून ठेवलेल्या खुर्चीकडे बघवेना.

दोन महिन्यांपूर्वी एक आजोबा आत आले. राखाडी टोपी, मी त्यांना मनात टोपीवाले म्हणतो. ते सरळ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “बसू का? तुम्ही रोज एकटे जेवता, मी रोज एकटा इथून जातो. म्हटलं एका टेबलावर बसलो तर हॉटेलवाल्यांचं एक टेबल तरी वाचेल.” आणि त्या खुर्चीवर बसले.

मी बाईंकडे बघितलं. बाई खूश. खरं गिऱ्हाईक!

टोपीवाले बोलके होते. कुठे काम करता, विचारलं. मी म्हटलं, जवळच. घरी कोण कोण? मी म्हटलं, कोणी नाही. “आई?” लहानपणीच गेली, हे तर खरंच आहे. “वडील?”

वहिनी, मी म्हणालो, “वारले.”

लिहून टाकलं. आता खोडत नाही.

कसं निघालं तोंडून, असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. कसं निघालं ते मला ठाऊक आहे. आहेत म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही इथे काय करता. वारले म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही.

त्या दिवसापासून टोपीवाले रविवार सोडून रोज यायला लागले. आपल्या ताटलीतला पाव माझ्याकडे सरकवायचे, “खा, तुम्हाला कोण आहे आग्रह करायला.” पावसाने गारठा पडला तर म्हणाले, गळ्याला काही गुंडाळत जा, वडील नसले की पोरांना हे सांगायचं राहून जातं. मी मान हलवायचो. आणि वहिनी, लाज वाटते पण लिहितो, सात कधी वाजतात याची मी वाट बघायला लागलो. दिवसभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते मेलेल्या बापाच्या नावावर मिळालं होतं.

मग एका संध्याकाळी एकदम गर्दी झाली. दुसरा वेटर तापाने पडलेला. बाई गडबडीत विसरल्या आणि गल्ल्यावरून ओरडल्या, “अरे, बसलायस काय, ऊठ! सात नंबर पूस!” अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी उठलो. निळ्या शर्टावरच एप्रन बांधला आणि सात नंबर पुसला. पुसताना पाठीवर टोपीवाल्यांची नजर कळत होती.

पाणी द्यायला गेलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “नोकरीचं समजलं. पोटासाठी माणूस खिडकीतही बसतो, त्यात काही नाही. वडिलांचंही असंच आहे का?”

मी म्हणालो, “आहेत.”

“बरे आहेत?”

“माहीत नाही.”

त्यांनी टोपी घातली. अर्धं जेवण तसंच होतं. आणि निघून गेले. त्याला आज बारा दिवस झाले. मी अजून खिडकीत बसतो. समोरची खुर्ची आता ओढून ठेवत नाही, बाई खुणा करतात तरी.

तुम्ही पत्रात अण्णांबद्दल एक ओळ लिहिली नाहीत. मीसुद्धा तीन वर्षांत फोनवर एकदा विचारलं नाही, तेव्हा तुम्हाला काय म्हणणार! पण त्या खाणावळीत काय झालं ते दादाने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार. तो समजतो की मी त्याला न विचारता बाकं मोडीत काढली म्हणून भांडण झालं. बाकं तर मी काढलीच. चारचार खुर्च्यांची चकचकीत टेबलं आणली. एकटा जेवायला येणारा हमाल, ड्रायव्हर, त्याला चौघांच्या टेबलावर एकट्याने बसायला चोरट्यासारखं वाटायचं. बाकावर तो खांद्याला खांदा लावून बसायचा. महिन्याभरात ते सगळे पांगले. हे दादाला माहीत आहे.

त्याला माहीत नाही ते हे. अण्णा रोज दार उघडलं की आपलं ताट घेऊन बाहेर गिऱ्हाइकांत बसायचे, आठवतं? पहिलं येणारं माणूस एकटं जेवायला नको म्हणून. कोणी आलं की सरकायचे आणि बाकावर थाप मारायचे, “या, बसा.” मला त्याची लाज वाटायची. नवी टेबलं लागली त्या दिवशीही ते ताट घेऊन बाहेर आले, आणि नवीन शर्टातली चार माणसं समोर असताना मी म्हणालो, “अण्णा, मालकाने असं गिऱ्हाइकांत बसून चालत नाही. तुम्ही दिसलात की हॉटेलची खाणावळ होते. आत मोरीपाशी बसा.”

मोरीपाशी म्हणालो मी.

 अण्णांनी ताट उचललं आणि आत गेले. जेवले का ते मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते घरूनच जेवून यायला लागले, मग यायचेच बंद झाले. दादाला वाटलं, बाकं गेली म्हणून रुसलेत. मी वाटू दिलं. दादाने मला सगळ्यांदेखत मारलं ते बाकांसाठी, आणि त्या माराचा राग धरून मी निघून आलो, कारण तो राग धरायला सोपा होता.

आता बाई मला रोज जे पैसे देऊन करायला लावतात, ते अण्णा फुकट करायचे, मनापासून. शर्ट न बदलता.

तेव्हा सामानाचं माझं म्हणणं असं. मध्ये एक लांब टेबल करा, दोन्ही बाजूंना बाकं, पाठ असलेली, फळीची कड गोल केलेली. एकटी येणारी माणसं तिथे बसतील. भिंतीकडेला घरच्या माणसांना घेऊन येणाऱ्यांसाठी तीन-चार टेबलं आणि खुर्च्या. आणि दारातून पहिली दिसेल ती जागा अण्णांची. ते येवोत न येवोत, तिथे दुसरं कोणी बसवू नका.

आता तुमच्या कडेच्या ओळीचं. मला यायचंय. बाईंना मी सांगितलं नाही, रजा मागितली नाही, काहीच नाही. आधी अण्णांना विचारायला हवं, आणि ते तुम्हीच विचारू शकता. पण नुसतं ‘धाकटा येऊ का’ असं विचारू नका. तसं विचारलंत तर ते हो म्हणतील, मला माहीत आहे, ते कोणालाही सरकून जागा देतात. आधी हे आजचं पान त्यांना वाचून दाखवा. मोरीचंही. आणि मी परक्या माणसाला ते वारले असं सांगितलं, तेही. तिथे थांबू नका, गाळू नका, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. दादा घरात नसताना वाचा, नाहीतर तो मध्ये बोलेल आणि अण्णा गप्प बसतील.

हे ऐकूनही ये म्हणाले तर मी येतो. नको म्हणाले तर नको असंच लिहा, गोड करून लिहू नका. आणि काहीच बोलले नाहीत, तर काय करत होते ते लिहा. कुठे बसले होते, जेवले का, एवढं तरी.

पोरीला पापा.

तुमचा भावोजी,
आणि हे सगळं ऐकल्यावरही अण्णा म्हणत असतील तर,
त्यांचा धाकटा