आंबवंडी, आणि मी खाल्लेली चार भजी

मी, प्राची दत्तोबा बिरादार, वय अठ्ठावीस, धंदा नोकरी आणि उरल्या वेळात लेखन, राहणार सिकंदराबाद, हा कागद राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं आणि नशापाणी न करता लिहून ठेवते. सकाळपासून तीन चहा झालेत, ते नशेत धरत असतील तर धरा. कोणाचं दडपण नाही. सोमवारी माझ्या हृदयातली एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले ऐंशी वाचतात. मी आयुष्यात कुठल्याच यादीत पहिल्या ऐंशीत आलेली नाही, म्हणून हा खटाटोप.

कलम १. आई-वडील गेलेत. वारस एकच, धाकटा भाऊ ओमकार. स्कूटर, लॅपटॉप आणि ऑपरेशननं काही शिल्लक ठेवलंच तर तेही त्याचं. स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही. त्याला माहीत आहे, तरी लिहिते.

हा कागद त्याला गिरीशदादांनी वाचून दाखवावा. दादा कोर्टात काम करतात, या कागदाचा कायदा त्यांचा, बाकी माझं. ओमकार मराठी बोलतो, पण वाचताना जोडाक्षर आलं की थांबतो आणि मोबाइल बघतो. काल मी म्हटलं, "अरे, निदान माझं मृत्युपत्र तरी वाचशील ना?"

"व्हॉइस नोट टाक ना ताई."

"मेल्यावर?"

"ऐसा कैकू बोलतीस गं!" म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

कलम २. माझी कादंबरी. सहा वर्षं, दोनशे दहा पानं, एकही पूर्णविराम नाही. तेव्हा तो फार मोठा प्रयोग वाटला होता. आजवर ती कोणी पुरी वाचलेली नाही, मीसुद्धा नाही. छापू नये. इंदुमतीमावशी (त्या कलम ४ मध्ये येतील) पहिलं पान वाचून म्हणाल्या होत्या, "प्राची, पूर्णविराम फुकट मिळतो गं. घे की." मला राग आला होता. तो राग या कलमान्वये मागे घेते.

कलम ३. पुस्तकं सुलतान बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आणली, त्याच्याचकडे परत जावीत. तीन लायब्रऱ्यांना विचारून झालं. मराठी म्हटल्यावर तिघांनीही आधी जागा नाही म्हणून सांगितलं, मग माझी तब्येत विचारली.

कलम ४. स्टीलचा डबा. हा माझा नाही, पण दोन वर्षं माझ्याकडे पडून आहे. त्याचं सविस्तर लिहावं लागेल.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पाच-सहाजण हैदराबादच्या जामबागेत इंदुमतीमावशींच्या पुढच्या खोलीत जमायचो. मावशी शाळेत मराठी शिकवायच्या, आणि माझी जी काही मराठी आहे ती त्या खोलीत दुरुस्त झालेली आहे. खेळ असा : प्रत्येकानं आपलं मूळ गाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं वीस मिनिटांत त्या गावावर लिमरिक लिहायची, पाच ओळी, आणि गावाची यथेच्छ टिंगल करायची. जिंकेल त्यानं डबा महिनाभर घरी न्यायचा. माझ्या उदगीरवरून मी इतकं ऐकून घेतलंय की विचारू नका.

नियम एकच. ज्याच्या गावाची टिंगल होईल त्यानं हसायचं. नाही हसला, तर पुढच्या महिन्याची मिरची भजी त्याच्याकडून.

मावशी चिठ्ठीवर नेहमी 'जामबाग' लिहायच्या. त्या रविवारी गिरीशदादांनी हट्ट धरला. "मावशी, चीटिंग नक्को. मूळ गाव लिहा."

"अरे, मी इथलीच."

"इथलं कोणीच नाही. लिहा."

त्यांनी लिहिलं. चिठ्ठी मला आली. आंबवंडी. मी फोनवर नकाशात शोधलं तर तिथं सगळं निळं. मला वाटलं, टिंगल चुकवायला मावशींनी गाव रचलं. मग मी लिहिलं :

बाई म्हणे, गाव माझं आंबवंडी,
फोनमध्ये पाहिलं, तर निळी थंडी!
ना घर, ना दार,
पाणीच अपार,
माशांची भरते का तिथं मंडी?

सगळे लोळले. सर्वांत मोठ्यानं मावशी हसल्या. "छान जमलंय गं," म्हणाल्या. डबा मला मिळाला.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तर दार हातभर उघडलं. "आज पाहुणे आहेत," मावशी म्हणाल्या आणि एक ताट बाहेर दिलं. गरम मिरची भजी. दार लागलं. आम्ही पायऱ्यांवर बसून खाल्ली. भजी कोणाकडून येतात हा नियम तिथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ होता, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी चार खाल्ली. वर म्हटलं, "मावशींचा हात भारी आहे."

तेव्हापासून दर महिन्याला पाहुणे. मग आम्हीच जायचं बंद केलं. कोणी पुण्याला गेलं, कोणी ग्रुपमधून बाहेर पडलं. स्पर्धा मेली.

गेल्या वर्षी गिरीशदादांना भालकीच्या एका लग्नात मावशींचा चुलतभाऊ भेटला, तेव्हा कळलं. आंबवंडी धरणात गेलं. मावशी दहा वर्षांच्या होत्या. गाव सोडताना त्यांच्या वडिलांनी घराचं दार चौकटीसकट काढून बैलबंडीत घातलं. तेच दार जामबागेतल्या पुढच्या खोलीला आहे. आम्ही सहा वर्षं त्याच दारातून आत गेलो. 'ना घर, ना दार' मी त्याच्याकडे तोंड करून वाचलं.

मी तीनदा माफी मागायला गेले. तिन्ही वेळा पाहुणे होते. पत्र लिहायला बसले तर पहिलीच ओळ आपोआप यमक शोधायला लागली. लिहून जे केलं ते लिहून निस्तरत नाही, एवढं मला या धंद्यात कळलं. दुसरं काही कळलेलं नाही.

कलम ५. ती जीत मी परत करते. डबा मावशींचा. त्यांनी तो फेकला तरी तो त्यांचा हक्क समजावा.

कलम ६. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक गिरीशदादा. दुसऱ्या इंदुमतीमावशीच असाव्यात, अशी माझी अट आहे. दादा म्हणाले, "अगं, खालच्या किराणावाल्या अप्पारावांना बोलव. दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या सहीशिवाय हा नुसता कागद आहे, कळतंय का?"

"कळतंय."

"आणि मृत्युपत्रात लिमरिक कोण घालतं?"

"तुम्ही काढा मग."

त्यांनी काढली नाही.

साक्षीदाराच्या नावापुढं मूळ गाव घालायची सूचना मात्र माझी. आंबवंडी हे नाव कुठल्यातरी कागदावर खरं म्हणून असावं. नकाशावर ते मला घालता येत नाही.

आज दुपारी मी भजी तळली. बसत-उठत, धाप लागत. पीठ जाड झालं. ओमकार ताट आणि हा कागद घेऊन जामबागेला गेला आणि तासाभरात परत आला.

"काय म्हणाल्या?"

"पाहुणे आहेत बोलल्या."

"तू काय बोललास?"

"मी बोललो, ताईचं सोमवारी ऑपरेशन आहे, तुमची सही पाहिजे. ताट घेतलं, दार लावलं."

"कागद?"

"हा काय, हातातच."

"आत कोणी होतं?"

"चपला एकाच जोडीच्या होत्या, ताई."

कोणाचं ताट रिकामं परत पाठवू नये, हे मला मावशींनीच शिकवलं. आमचं ताट परत आलेलं नाही. याचा अर्थ लावायची माझी लायकी नाही. मागच्या वेळी तर समोर ताट असून लावता आला नव्हता.

येणेप्रमाणे सहा कलमं लिहून, वाचून, ओमकारला ऐकवून पुरी केली. पूर्णविराम सगळे दिलेत.

ठिकाण : सिकंदराबाद, हैदराबाद
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी पाच

लिहून ठेवणार : प्राची दत्तोबा बिरादार
मूळ गाव : उदगीर
सही : प्राची बिरादार

साक्षीदार १ : गिरीश एकनाथराव पांगरेकर
मूळ गाव : भालकी
सही : गि. ए. पांगरेकर

साक्षीदार २ : श्रीमती इंदुमती, राहणार जामबाग
मूळ गाव : आंबवंडी
सही :