जावई घोरतो, असा दाखला

महबूला, कुवेत
गुरुवार

तीर्थरूप अप्पांच्या चरणी जावई संग्रामचा मनापासून नमस्कार.

आपली तब्येत, आईंचे गुडघे आणि दवाखान्यात येणाऱ्या म्हशींची प्रकृती उत्तम असेल, असे धरून लिहितो. आम्ही तिघे बरे आहोत. (म्हणजे दोघी बऱ्या आहेत, मी बरा आहे असे फक्त विमा कंपनीचे मत आहे, ते पुढे येईलच.) फोनच केला असता, पण उल्का तुमचा फोन आला की स्पीकरवर ठेवते आणि मला तर तिच्यामागे बोलायचे आहे. म्हणून हे पत्र खजुराच्या डब्यात घालून दिनकरबरोबर पाठवतोय. दिनकर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, सुटीवर विट्याला निघालाय आणि दुसऱ्यांची पत्रे वाचण्याइतकी त्याला वाचनाची आवड नाही.

मी डॉ. देवयानींच्या दातांच्या दवाखान्यात विम्याची बिले करतो, तेच आपण लग्नाच्या वेळी पाव्हण्यांना ‘जावई मेडिकल लाइनमध्ये आहेत’ असे सांगितले होते. माझ्या हातून गेलेले बिल परत येत नाही अशी माझी ख्याती आहे. (ती मीच पसरवली.) गेल्या वर्षी डॉक्टरांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या लोकांसाठी एक साचा बनवायला सुरुवात केली. रात्री तो दातांवर बसवायचा, तो खालचा जबडा पुढे धरून ठेवतो, घशातली वाट मोकळी राहते. साचा सोपा आहे, बिल अवघड. दातांचा विमा म्हणतो, श्वास आमच्याकडे येत नाही. आजारपणाचा विमा म्हणतो, बिल दातांच्या डॉक्टरचे आहे, तिकडेच जा. शेवटी मी त्यातली मेख शोधली. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट, फिजिशियनची चिठ्ठी, आजाराचा कोड, सगळे आजारपणाच्या फॉर्मवर लावायचे आणि दात हा शब्द शक्य तितका कमी वापरायचा. शिवाय खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी बजावू लागलो की, विमावाल्यांपासून काही लपवू नका, घोरत असाल तर ताठ मानेने सांगा.

मी स्वतः घोरत नाही, असे माझे ठाम मत होते. शेजारच्यांनी तक्रार केली तेव्हा मीच बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे इथल्या वॉचमनला, बोलावून एसी उघडायला लावला. (त्या गरिबाने तो दोनदा उघडला.) मग एके दिवशी फहाहीलच्या रस्त्यावर सिग्नलला गाडी उभी असताना मागून हॉर्नचा गजर झाला आणि अंतरा ओरडली, “बाबा, इट्स ग्रीन! वेक अप!” स्टीअरिंग हातात धरून मी झोपलो होतो. पोरगी गाडीत होती, अप्पा. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो. डॉक्टरांनी माझ्या छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून घरी पाठवले. रिपोर्टमध्ये श्वास तासाला किती वेळा थांबतो तो आकडा आहे, पण पत्र आईही वाचतील, म्हणून लिहीत नाही. त्यात एसीचा उल्लेख कुठेही नव्हता.

घरातली परिस्थिती अशी की उल्का कधीपासून हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. त्याबद्दल तक्रार नाही. पण ती बेडरूमचे दार सताड उघडे ठेवते. दार लाव म्हटले तर लावत नाही, आणि सकाळी झोप झाली नाही म्हणून माझ्यावर करवादते. याला काय म्हणावे?

असो. डॉक्टर म्हणाल्या, साचा लगेच करून घे, पैसे हप्त्याने दे. पण विम्याच्या माणसाने स्वतःच रोख भरले, तर उद्या खिडकीवर माझे कोण ऐकेल? माझी फाइल मी इतक्या प्रेमाने लावली की लग्नाचा आल्बमसुद्धा आम्ही तसा लावलेला नाही. सगळे सुरळीत होते. फक्त खात्री करण्यासाठी विमा कंपनीच्या एका बाईने घरी फोन केला. एकच प्रश्न होता: तुमचे मिस्टर झोपेत घोरतात का?

अप्पा, आपल्या लेकीने हे दुःख आजवर तिच्या मावश्यांना, भिशीच्या बायकांना आणि एकदा विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगितले आहे. तिने विम्याच्या त्या बाईला काय सांगावे? “नहीं नहीं मॅडम, हमारे यहाँ वैसा कुछ नहीं. एकदम शांत सोते हैं.”

अर्ज नामंजूर. कंपनीतल्या फैसलच्या मी हातापाया पडलो, तर तो म्हणाला, “संग्राम भाई, मदाम सेज नो प्रॉब्लेम. खलास.” घरी येऊन मी आकाशपाताळ एक केले. उल्का थालीपीठ थापत होती. “परक्या माणसाला घरातलं कशाला सांगायचं?” एवढेच म्हणाली आणि मला गरम थालीपीठ वाढले. गावभर उपदेश करत हिंडलो, घरात एक पेशंट शिकवायचा राहिला.

आईंना नमस्कार. थंडी पडली असेल, कानटोपी घालत जावी.

आपला आज्ञाधारक जावई,
संग्राम

ता. क. – फेरविचारासाठी माझ्याबरोबर एका खोलीत झोपलेल्या दुसऱ्या नातेवाइकाचे लेखी निवेदन चालते, असे फैसल म्हणतो. आपल्याकडच्या नीरजच्या लग्नात कार्यालयात माझी गादी आपल्याशेजारी होती. पहाटे आपण स्टेजवर, नवऱ्या मुलाच्या खुर्चीत बसून झोपलेले सापडलात आणि ‘गाद्या जरा कडक होत्या’ एवढेच म्हणालात. आता कृपा करून गाद्यांना दोष न देता खरे लिहून पाठवावे. जावयाची अब्रू सांभाळण्याची ही वेळ नव्हे.

ता. क. २ – साध्या कागदावर लिहावे. आपल्या लेटरहेडवर म्हशीचे चित्र आहे. दातवाले आणि आजारवाले यांच्यातच माझी फाइल फिरते आहे, त्यात तिसरे खाते नको.

ता. क. ३ – अप्पा, मी उल्का. खजुराचा डबा मीच भरला, मग पत्र सापडणारच. घोरण्याचा मला त्रास नाही, तो आवाज असला की मला डोळा लागतो. आवाज थांबला की मी जागी होते आणि पुन्हा सुरू होईपर्यंत दारात उभी राहते. दार त्यासाठी उघडं असतं. ह्यांचा श्वास थांबतो, हे त्या बाईला सांगायला माझं तोंडच उघडेना. तुम्ही लिहा. सगळं लिहा. लेटरहेडवरच लिहा आणि शिक्का मारा, म्हैस असली तरी चालेल.